डावा पीळ

कुपवाडच्या शेडमध्ये, रात्रपाळीला,
मखमलीच्या तुकड्यानं मी काच पुसते.
एकाच दिशेनं. हात उलटा फिरवायचा नाही.
नवी पोरं विचारतात, मॅडम, धूळ कुठाय?
धूळ नाही रे, वळण लावतेय.
मघा इथं जो थेंब पडेल
त्याला कळायला हवं
कुणीकडं तोंड करून निजायचं.

आधी आम्ही लग्नपत्रिका छापायचो.
सोनेरी गणपती, लाल अक्षरं,
चुकलंच तर फार तर नवऱ्याचं आडनाव.
आताची शाई पाकासारखी, एकतारी.
गार पडली की नळीत अडते,
जास्त तापली की सगळं विसरते.
तिचे रेणू वाहतात, पण एका दिशेला बघत,
जतकडून आलेली मेंढरं
माधवनगर रोडनं जातात तशी,
हॉर्नला न जुमानता.
आणि प्रत्येक थर खालच्याहून केसभर वळलेला.
वळत वळत जो पीळ पडतो, रंग त्या पिळाचा.
शाईला रंग नाहीच.
बाटलीत बघाल तर नुसतं ताक.

मोहरीच्या दाण्यात हजारो मावतील
एवढा एकेक थेंब.
समोरून हिरवा, मान कलली की निळा.
जांभळ्या दिव्याखाली धरला की गोठतो, कायमचा.
सुंभ जळतो, पीळ जात नाही म्हणतात;
इथं पिळाला जाळावं लागत नाही,
उजेड पुरतो.

अण्णा, म्हणजे कुंतीनाथ चौगुले,
चाळीस वर्षं हळदीच्या पेठेत दिवाणजी.
रुमालाखाली हात घालून भाव ठरायचा,
बोटं दाबून, तोंडानं गावगप्पा मारत.
बघणाऱ्याला रुमाल दिसायचा.
लहानपणी मी विचारायची, कसं कळतं?
ते म्हणायचे, ज्याला कळायचं त्यालाच कळतं.

परवा वखारभागातले बिरनाळे शेठ आले,
घामाघूम, दोन पाकिटं घेऊन.
एकावर आमचं लेबल, एकावर कुणाचं तरी.
दोन्ही झगमगीत. दुसरं जरा जास्तच.
मी दोन काचा काढल्या.
डाव्या काचेतून दोन्ही लखलख.
उजवीतून दुसरं तसंच लखलखत राहिलं
आणि आमचं विझलं. काळं ठिक्कर.
शेठचा चेहराही.
म्हणजे आपलंच खोटं?
नाही शेठ. विझतं ते खरं.
जे कुठूनही बघा, कुणालाही, सारखंच चमकतं, ते...
वाक्य मी पुरं केलं नाही.
शेठ यंदा वॉर्डातून उभे आहेत.

खरं पाकीट घरी आणलं, अण्णांना दाखवायला.
मोतीबिंदू काढलेला डोळा त्यांनी
काचेला लावला. डावी. उजवी. परत डावी.
चांगलं आहे की, म्हणाले,
आणि पाकीट फाडलं,
बरोबर माझ्या थेंबांच्या मधून.
हळकुंड काढलं, कानाशी नेलं, मोडलं.
कट्.
तुटलेलं टोक ट्यूबलाइटकडं धरलं, हुंगलं.
राजापुरी आहे, पण मागच्या सालची.
हे कळतं का तुझ्या त्या पिळाला?

नाही कळत, अण्णा.
तो एवढंच सांगतो की मी मीच आहे.
पाकिटात काय भरलं, ते भरणाऱ्याला ठाऊक.

हं, म्हणाले.
खांद्यावरचा पंचा काढून
माझ्या हातावर टाकला,
आणि खालून पिवळ्या बोटांनी
माझी दोन बोटं दाबली, मग अख्खी मूठ,
मग परत एक बोट, जरा वेळ धरून.

काय भाव झाला?
ओळख.

फाटलेलं लेबल ताटाशेजारी पडलं होतं,
तिथनं निळं दिसत होतं.
मी अजून बोटं मोजतेय.